टाकीखालची टाकी: खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाविषयी वाचकांचे प्रश्न

या अंकातली बरीचशी जागा एकाच पत्राला दिली आहे. घरी संप, म्हणजे मत्स्यालयाखाली ठेवायची पाणी स्वच्छ करणारी टाकी, बनवण्याविषयी विचारणारे बरेच जण आहेत, आणि या पत्रात त्यांचे जवळपास सगळे प्रश्न आले आहेत.

प्रश्न: ताई, नमस्कार. गोड्या पाण्याचे मासे मी बरीच वर्षं पाळतो आहे. आता चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी खाऱ्या पाण्याची टाकी करायची आहे. तयार संपाच्या किमती ऐकून तो घरीच बनवायचं ठरवलं. दोन फूट बाय एक फूट बाय एक फूट अशी एक जुनी टाकी पडून आहे. तिच्यात तीन काचा लावून कप्पे केले तर चालेल का? कुठल्या कप्प्यात काय ठेवू? स्पंज आणि सिरॅमिक रिंग किती भरू? आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि खालच्यांनी नुकतंच हॉलला पीओपी करून घेतलं आहे, हे आईने मुद्दाम लिहायला सांगितलं.
— एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर: पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तुमच्या आईंची आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. संप करायला घेतला की आधी कप्प्यांचा विचार होतो. माझं म्हणणं असं, की कप्पे नंतर. आधी कागद घ्या आणि दोन गोष्टींचा हिशोब करा: वीज गेली तर वरचं किती पाणी खाली येईल, आणि खाली येणारी नळी तुंबली तर खालचं किती पाणी वर जाईल. दोन्ही वेळा ते पाणी काचेच्या आतच मावलं पाहिजे. कुठल्याही झडपेच्या किंवा सेन्सरच्या भरवशावर नाही, तर रिकाम्या जागेच्या भरवशावर.

वरच्या टाकीचा तळ १२० बाय ४५ सेंटिमीटर. म्हणजे पातळी १ सेंटिमीटर उतरली की ५.४ लिटर पाणी खाली येतं. रिटर्न पंपाच्या, म्हणजे संपातलं पाणी परत वर चढवणाऱ्या पंपाच्या, नळीचं तोंड तुम्ही पाण्यात ५ सेंटिमीटर बुडवलंत, तर पंप थांबल्यावर तीच नळी उलटा सायफन होऊन तोंड उघडं पडेपर्यंत पाणी ओढत राहते. हे झालं २७ लिटर. जुन्या टाकीचा तळ ६० बाय ३०, तिच्यात १ सेंटिमीटर उंचीला १.८ लिटर बसतं, तेव्हा २७ लिटरला १५ सेंटिमीटर उंची हवी. एरवी संपात २० सेंटिमीटर पाणी फिरत असेल तर पातळी ३५ वर जायला हवी, आणि टाकी आहे ३० ची. उरलेलं ९ लिटर खारं पाणी फरशीवर, आणि तिथून खालच्या पीओपीत.

नळीचं तोंड पाण्याच्या अगदी वरच्या थरात आणलं आणि पृष्ठभागाच्या जरा खाली ५-६ मिलिमीटरची दोन भोकं पाडली, तर हवा शिरून सायफन तुटतो. मग पाणी उतरतं ते ओव्हरफ्लोच्या, म्हणजे पाणी जिथून खाली सोडलं जातं त्या वाटेच्या काठावरच्या दात्यांच्या तळापर्यंत, साधारण अडीच सेंटिमीटर, म्हणजे साडेतेरा लिटर. नळ्यांमधलं दीड लिटर धरा. झालं १५ लिटर. जुन्या टाकीत एवढ्यानेही पातळी २८ सेंटिमीटरच्या पुढे जाते. शिवाय ती भोकं शेवाळाने किंवा एखाद्या गोगलगाईने बुजतात. त्या टाकीवर मी कोणाच्याही घरी पंप लावू देणार नाही. ती टाकू नका, नवीन मासे पहिले काही आठवडे वेगळे ठेवायला ती उत्तम आहे.

संपासाठी आतून ९० बाय ३५ बाय ४० सेंटिमीटरची टाकी करून घ्या. चार फुटी स्टँडखाली ती बसते. तिच्यात १ सेंटिमीटरला ३.१५ लिटर मावतं. पाणी २२ सेंटिमीटरवर फिरत असेल तर १५ लिटरने ते २७ च्या आत राहतं. दोन्ही भोकं बुजली आणि नळीचं तोंडही पाच सेंटिमीटर बुडालेलं असलं, तरी ३१-३२ वर थांबतं. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली आणि तुम्ही हिंजवडीला ऑफिसात असलात, तरी घरात कोणाला पोछा घेऊन धावावं लागणार नाही. मी सांगते आहे ती जागा यासाठी.

आता उलटा हिशोब. खाली येणारी नळी तुंबली तर पंप शेवटच्या कप्प्यातलं पाणी वर फेकत राहतो, कप्पा कोरडा पडेपर्यंत. म्हणून तो कप्पा मुद्दाम लहान ठेवायचा. २५ सेंटिमीटर लांबीच्या कप्प्यात १८ सेंटिमीटर पाणी आणि पंपाचं तोंड ५ सेंटिमीटरवर धरलं, तर वर जाणारं पाणी साडेअकरा लिटरच्या आत येतं. वरच्या टाकीत ते २.१ सेंटिमीटर चढेल. तेव्हा वरच्या टाकीत चालू पातळी आणि काठ यांत किमान ४ सेंटिमीटर सोडा. काठोकाठ भरलेली टाकी फोटोत छान दिसते, पण ते चार सेंटिमीटर तुमचे नाहीत, खालच्या मजल्याचे आहेत.

कप्प्यांसाठी तीन नव्हे, चार काचा लागतील. पाणी पडतं तो पहिला कप्पा ३५ सेंटिमीटरचा, त्यात फिल्टर सॉक (कचरा गाळणारी कापडी पिशवी) आणि प्रोटीन स्किमर (बुडबुड्यांच्या फेसातून घाण बाहेर काढणारं उपकरण). मग २२ सेंटिमीटर उंचीची काच. पुढे २० सेंटिमीटरचा शैवालाचा कप्पा. त्यानंतर बुडबुडे अडवणाऱ्या तीन काचा, एकमेकींत ४ सेंटिमीटर अंतर ठेवून. पहिली तळाला चिकटलेली, २२ उंच. दुसरी तळापासून ४ सेंटिमीटर उचललेली आणि वर पाण्याबाहेर आलेली. तिसरी पुन्हा तळाला चिकटलेली, २० उंच. पाणी पहिलीवरून, दुसरीखालून, तिसरीवरून जातं, आणि बारीक बुडबुडे मधल्या वाटेतच वर निघून जातात. उरले ते पंपाचे २५ सेंटिमीटर. स्किमरला किती खोल पाणी हवं ते त्याच्यासोबतच्या कागदावर लिहिलेलं असतं. २२ जास्त होत असेल तर खाली पीव्हीसी पाइपच्या तुकड्यांचा चौथरा करा. या रचनेत स्किमरच्या कप्प्याची पातळी हलत नाही आणि बाष्पीभवनाने होणारी घट फक्त पंपाच्या कप्प्यात दिसते. स्किमर त्यामुळेच एकसारखा चालतो.

बाहेरच्या काचा ६ मिलिमीटर, मधल्या ५ मिलिमीटर. मधल्या काचा आतल्या रुंदीपेक्षा ४ मिलिमीटर कमी कापून घ्या, म्हणजे दोन्ही बाजूंना सिलिकॉनला जागा राहते. टाकी जोडून झाल्यावर आतलं माप तीन ठिकाणी घ्या आणि मगच पेठेतल्या काचवाल्याकडे जा. कडा घासून मागा. सिलिकॉन व्हिनेगरसारख्या वासाचं, साधं, ज्याच्या नळीवर बुरशीरोधक असं काही लिहिलेलं नाही असं घ्या. बाथरूमसाठीच्या सिलिकॉनमधलं बुरशीनाशक पाण्यात उतरतं. लावल्यावर आठवडाभर हात लावू नका. मग थर्माकोलच्या शीटवर टाकी ठेवून गोडं पाणी भरा आणि दोन दिवस पाहा.

पाणी खाली नेणाऱ्या नळीसाठी वरच्या टाकीला भोक पाडण्याआधी काच टफन्ड (तापवून कडक केलेली) नाही याची खात्री करा. टफन्ड काचेला डायमंडचं टोक लागलं की ती क्षणात चुरा होते. काही तयार टाक्यांचा तळ टफन्ड असतो. मोबाइलचा किंवा लॅपटॉपचा उजळ पांढरा पडदा काचेमागे धरा आणि पुढून पोलराइज्ड गॉगल लावून पाहा. काळपट पट्टे किंवा ठिपके दिसले तर भोक पाडायचं नाही. काच साधी असेल तर भोकं दोन पाडा. एका नळीत गेट वॉल्व्ह (प्रवाह कमी-जास्त करायची झडप) बसवून ती पूर्ण पाण्याने भरलेली चालवायची, म्हणजे घळघळ आवाज होत नाही. दुसरी थोडी उंच, एरवी कोरडी, पहिली तुंबली तर सगळं पाणी एकटीने नेईल एवढी मोठी. काठावरून लटकवायचे यू नळीचे ओव्हरफ्लो मला पसंत नाहीत. त्यांच्या नळीत हवा साठली की सायफन तुटतो, पंप मात्र चालूच राहतो.

यूपीव्हीसी पाइप आणि प्लॅस्टिकचे टँक कनेक्टर वापरा. प्लंबर सवयीने पितळी वॉल्व्ह आणेल, तो परत पाठवा. पितळेत तांबं असतं, आणि पाण्यात उतरलेलं तांबं झिंगे, गोगलगाई आणि प्रवाळ यांच्या जिवावर उठतं. लोखंडी क्लॅम्पही नकोत.

पंप घेताना खोक्यावरचा लिटरचा आकडा शून्य उंचीचा असतो हे लक्षात ठेवा. तुम्हाला वर तासाला हजारेक लिटर पोहोचायला हवं, म्हणजे टाकीच्या चौपट. संपातून वरच्या काठापर्यंत साधारण १.४ मीटर चढ आहे. जास्तीत जास्त अडीच मीटर उचलणारा २००० लिटरचा पंप तिथे निम्म्याहून कमी देईल. तीन मीटर उचलणारा, २५०० लिटरच्या आसपासचा घ्या.

आता स्पंज आणि रिंग. भोसरीतल्या एका कारखान्यात पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत माझी नोकरी झाली. तिथे रोज अमोनिया आणि नायट्रेट मोजत असे, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया होतो. जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे काम खाऱ्या टाकीत सच्छिद्र दगडच करतात, त्यासाठी संप रिंगांनी भरायची गरज नाही. न धुतलेल्या स्पंजात घाण कुजत राहते आणि नायट्रेट वाढवते. गोड्या पाण्याच्या टाकीत झाडं ते खातात, इथे ते साचतं. म्हणून स्पंज अजिबात नको, आणि सॉक दर दोन-तीन दिवसांनी बदलून धुवा. खऱ्या अर्थाने घाण बाहेर काढतो तो स्किमर. खाऱ्या पाण्यात अतिशय बारीक बुडबुडे टिकतात, विरघळलेले सेंद्रिय पदार्थ त्यांना चिकटून फेस होऊन वरच्या कपात जमतात, कुजून अमोनिया होण्याच्या आधीच. तो तपकिरी, उग्र वासाचा कप रिकामा करताना मला दर वेळी समाधान वाटतं, कारण तेवढं ओझं माशांवरून उतरलेलं असतं.

शैवालाच्या कप्प्यात कीटोमॉर्फा ठेवा, तारेच्या घासणीसारखा दिसणारा हिरवा गुंता. तो नायट्रेट आणि फॉस्फेट खाऊन वाढतो, मूठभर काढून टाकला की तेवढं पाण्याबाहेर गेलं. त्याचा दिवा वरची टाकी अंधारात असताना लावा. रात्री पाण्यात कार्बन डायऑक्साइड वाढून पीएच उतरतो, तो त्यामुळे फारसा उतरत नाही.

विजेचं थोडक्यात सांगते, पण यात तडजोड नाही. एक्स्टेंशन बोर्ड कपाटाच्या तळाशी नको, भिंतीवर उंच लावा. प्रत्येक वायर बोर्डात शिरण्याआधी खाली झोळ घेऊन वर गेली पाहिजे, म्हणजे ओघळ बोर्डापर्यंत जात नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या, तपकीर गल्लीत सहज मिळतो. इन्व्हर्टर असेल तर त्यावर रिटर्न पंपाऐवजी वरच्या टाकीतला वेव्हमेकर (पाणी आतल्या आत फिरवणारा छोटा पंप) ठेवा. वीज गेल्यावर माशांना आधी कमी पडतो तो प्राणवायू.

सगळं जोडून झालं की मीठ घालण्याआधी गोड्या पाण्यावर चालवा आणि मुख्य बटण बंद करून पाहा. पाणी कुठे थांबतं तिथे संपावर टेप लावा. पुन्हा चालू करा, पुन्हा बंद करा, भोकांवर बोट धरून बंद करा, मग मुख्य नळीच्या तोंडाला कापड लावून पाहा. हे करताना आईंना शेजारी उभं करा. शेवटी पंपाच्या कप्प्यात १८ सेंटिमीटरवर दुसरी टेप लावा. त्या रेघेच्या वर कोणी कधी पाणी भरायचं नाही.

प्रश्न: मे महिन्यात आमच्या टाकीचं पाणी ३१ अंशांवर जातं. चिलर परवडणार नाही. संपावर पंखा लावून काही होईल का? — पिंपळे सौदागर

उत्तर: होईल, आणि आपल्याकडे चांगलं होईल. एप्रिल-मे महिन्यात पुण्याची हवा कोरडी असते, त्यामुळे पंख्याच्या वाऱ्याने पाणी भराभर उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. दोन-तीन अंश उतरतात. २८ वर आलं तरी क्लाउनफिश आणि गोबी उन्हाळा नीट काढतात. पंखा संपाच्या पृष्ठभागावर तिरका लावा आणि कपाटाची दारं उघडी ठेवा, नाहीतर दमट हवा आतच कोंडते. पावसाळ्यात पंख्याचा उपयोग कमी होतो, पण तेव्हा गरजही कमी असते.

एक मात्र सांभाळा. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. रोज कमी झालेलं पाणी गोड्या, शुद्ध पाण्यानेच भरून काढायचं, खाऱ्या नाही. २५ अंशांना विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६ हवं. पंखा चालू असताना रिफ्रॅक्टोमीटरने (खारेपणा मोजायच्या उपकरणाने) वरचेवर बघा. फ्लोट स्विच (पातळी उतरली की चालू होणारा तरंगता स्विच) लावून आपोआप पाणी भरणार असाल तर त्या साठवणीच्या बादलीत दोन-तीन दिवसांपुरतंच पाणी ठेवा. स्विच अडकला तर सगळी बादली संपात ओतली जाईल, तेव्हा वर सांगितलेल्या रिकाम्या जागेत तीही मावली पाहिजे.

प्रश्न: आमचं गाव मालवणजवळ आहे. तिथून समुद्राचं पाणी, किनाऱ्यावरचे प्रवाळाचे दगड आणि जमलं तर एखादा समुद्रघोडा आणावा असं मुलांच्या मनात आहे. चालेल ना? — धायरी

उत्तर: दगड आणि समुद्रघोडा आणू नका. सगळे दगडी प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्या वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या बरोबरीने. किनाऱ्यावर पडलेला मेलेला प्रवाळही त्यात येतो. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, तो दगड तिथे शेकडो जिवांचं घर आहे. मुलांना गावी गेल्यावर ओहोटीला खडकांवरच्या खळग्यांत गुडघे टेकून बसवा, तिथे जे दिसेल ते कुठल्याही टाकीत दिसणार नाही.

टाकीत कृत्रिम किंवा सिरॅमिकचे कोरडे दगड घाला. त्यांच्यावर जिवाणू बसायला महिना-दीड महिना लागतो. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याशिवाय मासा सोडू नका. मऊ प्रवाळ घेतानाही त्याचं नाव लिहिलेली पावती मागा. दुकानदार पावती देत नसेल तर घेऊ नका.

समुद्राचं पाणीही मी सुचवणार नाही. पावसाळ्यात नद्यांमुळे किनाऱ्याजवळचा खारेपणा उतरतो, आणि बंदराच्या पाण्यात डिझेल असतं. लिटरला ३५ ते ४० ग्रॅम तयार समुद्री मीठ घालून घरी केलेलं पाणी दर वेळी सारखं असतं.

प्रश्न: स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी वापरते, तरी दगडांवर तपकिरी थर आणि हिरवे केस येतात. आमच्याकडे टँकरचं पाणी आहे. — वाघोली

उत्तर: घरच्या आरओमध्ये चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळायची सोय असते. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं उपकरण) लावून पाहा, शून्य येणार नाही. प्यायला ते ठीक आहे, पण टँकरच्या बोअरच्या पाण्यातलं सिलिकेट आणि नायट्रेट त्यातून थोडं थोडं टाकीत जातं. बाष्पीभवनाची भरपाई त्याच पाण्याने होत असल्यामुळे ते साठत जातं. तपकिरी थर सिलिकेटवर वाढणाऱ्या डायअॅटम या सूक्ष्म शैवालाचा, केस नायट्रेट आणि फॉस्फेटवर पोसलेले.

टाकीसाठी वेगळा साधा आरओ घ्या: आधी गाळाचा फिल्टर, मग कार्बन, मग मेम्ब्रेन (आरओचा मुख्य पडदा), आणि शेवटी डीआय रेझिन (उरलेसुरले क्षार शोषणारे दाणे). चवीचं मिश्रण आणि मिनरलचं कार्ट्रिज त्यात असता कामा नये. कार्बन वेळेवर बदला, क्लोरीन मेम्ब्रेन खातं. टँकरचं पाणी गढूळ आलं तर गाळाचा फिल्टर लवकर भरतो, तोही बघत राहा. वाया जाणारं पाणी बादलीत धरून फरशी पुसायला वापरा. रेझिननंतर मीटर शून्य दाखवायला हवं. १-२ दाखवू लागलं की त्याच आठवड्यात रेझिन बदला, आणि तोवर जुन्या पाण्याचा साठा वापरा.